दम तुटला की सोडायचं

माझं हृदय संगणकात चारशेव्या वेळी बंद पडलं, तेव्हा मी इस्पितळाबाहेरच्या बाकावर बसून भडंग खात होते. खरं हृदय छातीत व्यवस्थित चाललेलं. आत डॉ. नेत्रा हेरवाडेंच्या खोलीत त्याचं जुळं दहा हजार वेळा जगवून बघायचं काम चालू होतं आणि मला भूक लागली होती.

हे जुळं म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या गल्लीत अजून लोकांना वाटतं की डॉक्टरांनी बरणीत काहीतरी वाढवलंय. तसं काही नसतं. तुमचं हृदय आतून-बाहेरून मोजतात, त्यातल्या विजेचा आलेख काढतात, रक्तातली जनुकं वाचतात आणि त्यावरून संगणकात अगदी तसंच चालणारं हृदय तयार करतात. मग त्याला पुढची दहा वर्षं जगायला लावतात. कधी ताप आणतात, कधी जागरण घडवतात, कधी धाप लागेपर्यंत पळवतात. एक आयुष्य झालं की दुसरं, थोडं वेगळं. अशी दहा हजार आयुष्यं एका दुपारीत उरकतात आणि त्यांतल्या कितींमध्ये हृदय अचानक थांबलं ते मोजतात. माझं शंभरांतून चारदा थांबलं. आमच्या कृष्णाकाठ कबड्डी लीगमध्ये खेळायची मर्यादा होती शंभरांतून एकदा.

ही चाचणी लीगनं आणली ती वेदांत कोळीमुळे. वीस वर्षांचा पोरगा, आदल्या हंगामात चढाईला गेला आणि पाच जणांच्या पकडीत गार झाला. कबड्डीत चढाईवाला एकटा जातो. समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत कोणालातरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत मध्यरेषा गाठायची. दम तुटला की तो बाद. तो तिकडं असेपर्यंत त्याच्या संघातल्या कोणी रेषा ओलांडायची नाही. आणि बचाव करणाऱ्यांना लहानपणापासून एकच शिकवतात की शिट्टी होईपर्यंत पकड सोडायची नाही, चढाईवाला हलायचा थांबला तर आणखी घट्ट धरायचं, कारण तो फसवत असतो. वेदांत हलायचा थांबला. त्या पाच जणांनी त्याला आणखी घट्ट धरलं. त्याचे स्वतःचे सवंगडी रेषेच्या अलीकडं उभं राहून आरडाओरडा करत होते, पण एकानंही रेषा ओलांडली नाही. वाईट कोणीच नव्हतं त्यात, सगळे नियमानं वागले.

डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा आई माझ्याआधी खुर्चीत जाऊन बसली होती.

"अक्षता, तुझं हृदय दिसायला उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "स्नायू दणकट, झडपा ठीक. दोष विजेत आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी तयार होतात. पेशीच्या आवरणाला बारीक दारं असतात, त्यांतून क्षार आत-बाहेर जातात. तुझी काही दारं जरा सावकाश काम करतात. एरवी चालून जातं. पण पेशी तयार व्हायच्या आत पुढचा ठोका आला तर सगळा ताल बिघडतो. मग हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरतं. रक्त पुढं जात नाही आणि माणूस उभ्या जागी कोसळतो." त्यांनी आईकडं बघितलं. "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?"

आईनं पदर तोंडाला लावला. अण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरीत पोहताना गेले. मी चार वर्षांची होते. पट्टीचे पोहणारे होते, म्हणून गावानं पायात गोळा आला असेल असं म्हणून विषय मिटवला. त्या खोलीत आम्हाला पहिल्यांदा कळलं की पायाला काहीच झालं नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. रोज एक घेतली की धोका निम्म्यावर येतो म्हणाल्या, म्हणजे शंभरांतून दोन. एवढ्यावर छातीत यंत्र बसवत नाहीत, आधी गोळी देऊन बघतात. पण लीगची मर्यादा एकाची, त्यामुळे त्यांच्या यादीत मी लाल शेऱ्याचीच, म्हणजे खेळायला बंदी. आई डोळे पुसत होती आणि माझं डोकं मात्र भलतीकडंच चाललं होतं.

"डॉक्टर, त्या चारशे वेळांतल्या किती वेळा मी खेळत होते?"

"निम्म्याहून कमी. बाकी झोपेत, जिना चढताना, गजरानं दचकून."

"आणि तेव्हा माझ्याजवळ कोण होतं?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं, की संगणकात माझं हृदय थांबलं तेव्हा आजूबाजूला कोण उभं होतं.

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "त्यात माणसं नाहीत. ते नुसतं हृदय आहे. थांबलं की आपण मृत्यू धरतो."

"आणि माणसं असली तर?"

त्या मागं टेकल्या. चांगली बाई, उगाच दामटून बोलत नाही. "लगेच कोणी छाती दाबायला लागलं आणि तीनेक मिनिटांत विजेचा झटका मिळाला, तर बहुतेक जण वाचतात. दाबत राहिल्यानं मेंदूला रक्त मिळत राहतं, झटक्यानं थरथर थांबते आणि हृदय आपला ताल पुन्हा धरतं. हे मी लीगलाही लिहिलं होतं. त्यांना एक आकडा हवा होता, तो त्यांनी घेतला."

आमची पिठाची गिरणी आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. घरी आल्या आल्या आईनं गिरणी चालू केली आणि त्या आवाजात मला सुनावलं, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जायला नको.

"संपलं आता. गिरणीवर बस, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. कबड्डीचं नाव घ्यायचं नाही या घरात."

"आई, गिरणीवर बसूनही थांबू शकतं."

"मग मी असेन जवळ."

"तू काय करशील?"

काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं आणि हे तिच्याही ध्यानात आलं. मला वाईट वाटलं, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हणाले, "अण्णा खेळताना गेले नाहीत. एकटे होते म्हणून गेले. मला तसं मरायचं नाही आणि तसं भीत भीत जगायचंही नाही."

आईनं त्याच संध्याकाळी लीगचे सचिव लोखंडे साहेब यांना फोन लावला आणि हात जोडल्यासारख्या आवाजात सांगितलं, पोरगी हट्टी आहे, तिला खेळू देऊ नका. मी बाजूलाच होते, लपवून काही केलं नाही तिनं. आठ दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो.

मी लोखंडे साहेबांना गाठलं ते त्यांच्या खताच्या दुकानात. बोलायला गोड माणूस, पण जबाबदारी अंगावर घ्यायची नाही हा पहिला नियम. मी अर्धा तास हटले नाही, गिऱ्हाइकं तुंबली, तेव्हा कंटाळून म्हणाले, "हे बघ बाळ, चढाईला तू जाणार समोरच्यांच्या अंगणात. तिथं पडलीस तर हात कोण लावणार? समोरचा संघ. ते जबाबदारी घ्यायला तयार असतील तर खेळ. आहे का कोणी तयार?"

त्यांना वाटलं, बला टळली. मी म्हटलं, चालेल, तसं लिहून लीगच्या बोर्डावर लावा. दुकानात दहा माणसं ऐकत होती, त्यामुळे त्यांना लावावं लागलं.

आमच्या गटात सहा संघ. मी सगळ्यांत आधी मिरजेला गेले, कारण तिथं अल्फिया मुजावर होती. डाव्या कोपऱ्यात उभी राहते आणि घोट्याला हात घातला की चढाईवाली तिची झालीच म्हणायची. दोन हंगाम मी तिच्या हातून सगळ्यांत जास्त वेळा बाद झाले होते. तिला मी अजिबात आवडत नव्हते. मलाही ती नव्हती आवडत.

मी सगळं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"म्हंजे मी तुला वाचवायला शिकू? मी तर तुझा घोटा कसा मोडायचा त्याच्या विचारात असते."

"घोटा मोड की. छाती बंद पडली तर तेवढी चालू कर. दोन्हीचा काय संबंध?"

तिच्या संघातल्या पोरी हसायला लागल्या. ती नाही हसली. "आणि न्हाई म्हटलं तर?"

"तर मी खेळणार नाही. मग तुला वाटत राहील की मला तू हरवलंस. पण मला संगणकानं हरवलेलं असेल."

हे तिला बरोबर लागलं. "कधी शिकवतेस?" म्हणाली.

शिकवायला डॉ. हेरवाडे स्वतः आल्या, एक रबरी पुतळा आणि शॉकची पेटी घेऊन. पेटी उघडली की तीच बोलते, पट्टे कुठं चिकटवायचे, कधी हात काढायचे ते सांगते आणि झटका लागणार की नाही तेही तीच ठरवते. पोरींचे दंड असे की छाती दाबायला त्या लगेच शिकल्या. डॉक्टरांच्या पुतळ्याची स्प्रिंग गेली त्यात. सगळ्यांचा दम निघाला तो पकड सोडायला शिकताना.

खुणा ठरल्या होत्या दोन. चढाईवालीचा दम तुटला आणि अंग सैल पडलं, की जिच्या ध्यानात येईल तिनं 'सोड' म्हणायचं आणि त्या क्षणी सगळ्यांनी हात काढायचे. शिट्टीची वाट बघायची नाही. ऐकायला काय सोपं वाटतं. मी सरावात मुद्दाम अंग सैल सोडायचे आणि त्या आणखी घट्ट धरायच्या. मेंदूला कळायचं, हाताला कळायचं नाही. अल्फिया तर 'सोड' असं स्वतः ओरडायची आणि स्वतःच धरून ठेवायची. एकदा माझ्या घोट्यावर तिची बोटं उमटली, तेव्हा ती चिडून मैदानाबाहेर गेली. परत आली आणि म्हणाली, पुन्हा पड. मी पडले. असं किती वेळा, ते मोजायच्या भानगडीत मी पडले नाही.

मिरजेनं हो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणणं अवघड झालं. इचलकरंजीच्या पोरींनी आम्हालाच उलटं विचारलं, हे फक्त तुझ्यासाठीच का, आमच्यातली पडली तर? मग आमच्या संघालाही शिकावं लागलं. लोखंडे साहेबांनी हात टेकले आणि प्रत्येक मैदानावर पंचांच्या टेबलाखाली शॉकची पेटी ठेवायला लागले. आई मात्र एकाही सामन्याला आली नाही. गोळी घेतली का, एवढं रोज सकाळी विचारायची.

मिरजेशी सामना उपांत्य फेरीत पडला, जयसिंगपूरला, आमच्याच मैदानावर. गर्दी दणकून. जो संघ जिंकेल त्यातल्या तिघींची राज्य संघासाठी चाचणी होणार होती. आमचे प्रशिक्षक गुरव सर सकाळपासून चार वेळा सांगून गेले होते की डोकं थंड ठेवा आणि त्यांचं स्वतःचंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

पहिल्या डावात मला चौघींनी धरलं. मी पोटावर आपटले आणि छातीतली हवा सगळी बाहेर गेली. 'कबड्डी' तोंडातच राहिलं. अंगात जोर नव्हता. तेवढ्यात अल्फियाचा आवाज आला, "सोड!" आणि चारी बाजूंनी हात निघाले.

मला काहीही झालं नव्हतं. नुसता दम गेला होता. मध्यरेषा हातभर पुढं होती आणि माझा हात गेला. खरंच सांगते, मी विचार केला नाही, पंधरा वर्षं तो हात तिकडंच जायला शिकलाय. बोटं रेषेला लागली, तोंडानं मी पुन्हा 'कबड्डी' पुटपुटले, गोंगाटात पंचांना मधली शांतता ऐकू आली नव्हती, आणि त्यांनी आम्हाला चार गुण दिले. मैदान दणाणलं. माझ्या पोरी मला उचलायला धावल्या.

अल्फिया जागची हलली नाही. "नाटक केलंस तू," ती हळू म्हणाली. "आता मरून पडलीस तरी सोडणार न्हाई."

मी घाबरले. भीती मरायची नव्हती. माझ्यामुळं उद्या कुणा दुसऱ्या पोरीला कोणी सोडणार नाही, वेदांतसारखं पुन्हा होईल आणि लोक म्हणतील अक्षता मगदूमनं फसवलं होतं ना, मग कसं सोडायचं? मी पंचांकडं गेले. "सर, माझा दम तुटला होता. मी बाद आहे. गुण काढून घ्या."

"आम्ही ऐकला नाही तुटलेला," पंच म्हणाले.

"मी ऐकला. माझाच होता."

गुण गेले. गुरव सर बाहेरून बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्याच दोन पोरींनी माझ्याकडं पाठ फिरवली, कारण त्या चार गुणांत त्यांचीही राज्य संघाची चाचणी होती. मी बाहेर बसले आणि कोणाची माफी मागितली नाही. ज्या गोष्टीसाठी मी गावोगाव हिंडले ती चार गुणांना विकायची नव्हती. अल्फियानं माझ्याकडं बघितलंही नाही. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळायला मार्ग नव्हता.

शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. चढाई माझी. रेषेवर उभी राहिले तेव्हा मनात आलं, आत्ता थांबलं तर ही सोडेल का? उत्तर माझ्याकडं नव्हतं. डॉक्टरांकडंही नव्हतं आणि त्यांच्या संगणकाकडं तर नव्हतंच. मी आत गेले.

उजवीकडची एक शिवली, वळले, आणि घोट्यावर ती ओळखीची पकड बसली. एवढंच मला आठवतं. पुढचं सगळं ऐकीव आहे, मैदानावर काढलेल्या व्हिडिओतलं आणि लोकांनी सांगितलेलं.

व्हिडिओत दिसतं ते असं. मी रेषेकडं झेपावते, अल्फिया घोटा सोडत नाही, आणखी तिघी येऊन पडतात. माझा आवाज बंद होतो. रेषा पुन्हा तेवढीच जवळ आहे, हातभर. गर्दी ओरडतेय, कारण सगळ्यांना वाटतंय की पहिल्यासारखंच होणार. अल्फिया मान वर करून माझ्याकडं बघते. मग तोंड उघडते, आणि चौघींचे हात निघतात. माझा हात रेषेकडं जात नाही.

तिनं मला उताणं केलं, कानाशी ओरडली, श्वास बघितला आणि दाबायला सुरुवात केली. तिच्या संघातली एक पेटीकडं पळाली. आमच्या पोरी रेषा ओलांडून आल्या, शिट्टी झाली नव्हती तरी आल्या, गुरव सर सगळ्यांच्या पुढं. पाळीपाळीनं सगळ्यांनी दाबलं, मिरजेच्या आणि आमच्या. पेटी बोलली, सगळ्या मागं झाल्या, मला झटका बसला. पुन्हा दाबलं. दुसरा झटका बसायच्या आत मी खोकले म्हणतात. माझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि त्या अल्फियानं मोडल्या हे ती आजही अभिमानानं सांगते.

शुद्ध आली ती इस्पितळात. संगणक खरा ठरला होता, मान्य. हृदय थांबलं, अगदी त्यानं सांगितलं तसं. आणि मी जिवंत होते. डॉ. हेरवाडेंनी यावेळी छातीत यंत्र बसवलं, पुन्हा ताल बिघडला तर आतूनच झटका देणारं. खेळायचं की नाही हे तीन महिन्यांनी बघू म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत, हे मी नीट ऐकून ठेवलं.

चौथ्या दिवशी अल्फिया भेटायला आली. आई माझ्या उशाशी होती. तिनं त्या मुलीला खुर्ची दिली आणि बराच वेळ तिच्या हातांकडं बघत राहिली. मग विचारलं, "पोरी, तुला कसं कळलं ही नाटक करत न्हाई म्हणून?"

"कळलं नव्हतं, काकू."

"म्हणजे?"

"मला वाटलं नाटकच करतीय. रेषा जवळ होती, वेळ संपत आलेली. मी असते तर केलं असतं." अल्फियानं खांदे उडवले. "तरी सोडलं. नाटक असतं तर गुण गेले असते, दुसरं काय?"

आईनं अल्फियाचा हात धरला आणि तो धरूनच ठेवला. मला रडू आलं, बरगड्या दुखत होत्या तरी आलं, आणि मी ते आवरलं नाही.

तेवढ्यात दारात लोखंडे साहेब उभे राहिले, फळांची पिशवी घेऊन. माझी विचारपूस झाली, मग ते आईकडं वळले. "वहिनी, सुटलो म्हणायचं. आता समितीची बैठक घेतो आणि हिला कायमची बंद करतो. तुम्ही पहिल्यापासून सांगत होता, मीच ऐकलं नाही. तुमची इच्छा होती तसंच करू."

मी उठायला गेले, पण आईनं मला दुसऱ्या हातानं दाबून ठेवलं. अल्फियाचा हात तिनं अजून सोडला नव्हता.

"होती माझी इच्छा," आई म्हणाली. "तेव्हा मला या पोरी माहीत नव्हत्या. ही खेळायची की न्हाई ते हिची डॉक्टर आणि ही ठरवतील. तुम्ही बैठक घ्या, मी येते, आणि मिरजेच्या सगळ्यांनाही घेऊन येते."

लोखंडे साहेब पिशवी टेबलावर ठेवून निघून गेले. आईनं अल्फियाला विचारलं, छाती दाबताना कोपर सरळ ठेवायचा की वाकवायचा, आणि अल्फिया खुर्चीतून उठून तिला दाखवायला लागली.